लाटेतला हिरवा उजेड आणि फेसाचा खरा रंग

तुमची अडचण अशी की तेलरंगात फुटणारी लाट काढलीत, पण तिच्यातून उजेड आरपार येतोय असं वाटत नाही आणि फेस कापूस चिकटवल्यासारखा दिसतो. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच: पांढरा फार लवकर आणि फार सढळ हाताने वापरला जातोय.

आधी सूर्य कुठे आहे ते पक्कं करा. कोकणात लाटा पश्चिमेकडून येतात. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे असतो, तेव्हा फेस लख्ख दिसतो, पण लाट आतून उजळत नाही. दुपारी चारनंतर सूर्य लाटेच्या मागे कलतो आणि फुटायच्या बेतात असलेल्या लाटेच्या वरच्या कडेतून, जिथे पाणी सगळ्यात पातळ असतं तिथून, उजेड गाळून येतो. तेज फक्त तेवढ्याच पट्ट्यात. खाली पाणी जाड होत जातं, तसा रंगही गडद होत गेला पाहिजे. पूर्ण लाट एकसारखी चकचकीत हिरवी केली की ती मेलीच. समुद्रचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या रशियन चित्रकार आयवाझोव्स्कीचं 1850 सालचं ‘नववी लाट’ हे चित्र नीट पाहा. कडा उजळ वाटतात, कारण त्यांच्याखाली भरपूर काळोख आहे.

त्या पट्ट्यासाठी व्हिरिडियन (निळसर झाक असलेला पारदर्शक हिरवा) आणि लेमन यलो घ्या. पांढरा घातलात की मिश्रण दुधाळ होतं आणि पारदर्शकपणा जातो. त्यापेक्षा तो भाग आधी फिकट पिवळसर रंगवून पूर्ण वाळू द्या आणि मग वर जवसाच्या तेलात पातळ केलेल्या व्हिरिडियनचा ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसेल असा पारदर्शक थर, द्या. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, तेल जास्त ते वर. हा क्रम उलटला तर पुढे रंग तडकतो. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, घाई करू नका. लाटेच्या पायथ्याला अल्ट्रामरीन (गडद निळा), व्हिरिडियन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). काळा नको. व्हिरिडियनऐवजी थॅलो ग्रीन हा फार तीव्र हिरवा वापरत असाल तर ब्रशच्या टोकावर येईल इतकाच घ्या, तो बाकी सगळे रंग खाऊन टाकतो.

जुलैमधला समुद्र काढायचा असेल तर मात्र हा हिरवा विसरा. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ असतं, तिथे यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएनाच लागतात. परदेशी फोटोतलं निळंशार पाणी आपल्या पावसाळी आभाळाखाली खोटं वाटतं.

आता फेस. सूर्य मागे असेल तर आपल्याकडे तोंड केलेला फेस सावलीत असतो. तो निळसर, जांभळट करडाच हवा: पांढऱ्यात थोडा अल्ट्रामरीन आणि किंचित बर्न्ट सिएना. उन्हातली फक्त वरची कड उजळ, तीही ऑकरचा अंश असलेली. फोनवर चित्राचा कृष्णधवल फोटो काढून बघा. सावलीतला फेस सूर्याजवळच्या आभाळापेक्षा उजळ दिसला तर तो गडद करा.

लाटेच्या अंगावरची फेसाची जाळी रेघा ओढून करू नका. आधी सगळा फेस करडा भरा आणि मग पाण्याच्या रंगाने त्यात भोकं पाडा. सपाट पाण्यावर ही भोकं आडवी, चपटी दिसतात आणि लाट उभी राहते तशी वर ओढली जाऊन लांबट होतात. लाटेचा बाक डोळ्यांना इथेच कळतो, म्हणून वेळ द्यायचा तो इथे. कडा ओल्या असतानाच कोरड्या मऊ ब्रशने दोन-चार ठिकाणी पुसट करा, सगळीकडे नको. शुद्ध टायटॅनियम व्हाइट सगळ्यात शेवटी, उडणाऱ्या तुषारांच्या उन्हातल्या टोकांवर.