मान काळी म्हणजे मळ नाही, काकू

"मॅडम, हिला सांगून सांगून थकले, नीट आंघोळच करत नाही, मान बघा." सिडकोतून आलेल्या काकू बसायच्या आधीच सुरू झाल्या, आणि कॉलेजातली लेक ऐन मे महिन्यात गळ्याभोवती ओढणी गुंडाळून गप्प. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) लिंबू, बेसन, सोडा, सगळं घासून झालेलं, कातडी सोलवटली पण काळं जाईना. हनुवटीवर केस, पाळी चार-चार महिने गायब. घरच्यांचं ठरलेलं, पीसीओडी (ओव्हरी आणि हार्मोन्सचा त्रास) आहे, लग्न झालं की होईल बरं. लग्न हे औषध आहे असं कुठल्या डॉक्टरने लिहून दिलंय देव जाणे.

काखेत, मानेवर अशी जाडसर काळपट त्वचा दिसते तिला अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात, आणि बऱ्याचदा तिच्यामागे रक्तात वाढलेलं इन्सुलिन असतं. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, मग स्वादुपिंड अजून सोडत राहतं, ते जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं, वर टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रोटीन लिव्हर कमी बनवते, म्हणून केस, पिंपल्स, पाळीचा गोंधळ. काळी जाड त्वचा, इन्सुलिनला दाद न देणं आणि वाढलेलं टेस्टोस्टेरॉन, हे तिन्ही एकत्र आणि जोरात असेल तर हेअर-एएन सिंड्रोम. दुर्मिळ आहे हं, मान काळी दिसली की लगेच तेच असं नाही. हिचे रिपोर्ट आले तेव्हा एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांनी, तेच नाव घेतलं.

काकूंचा मुद्दा, "शुगर तर नॉर्मल आली होती!" येऊ शकते, कारण इन्सुलिन जादा ओतून शरीर काही वर्षं शुगर सांभाळून नेतं. आणि केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला तर थांबूच नका, ओव्हरी किंवा अ‍ॅड्रिनलची (किडनीवरच्या ग्रंथीची) गाठ नाही ना ते आधी बघावं लागतं.

गोळ्या डॉक्टरांच्या, मेटफॉर्मिन वगैरे. माझं काम वेगळं, बोलतं करायचं आणि समजावायचं. मुलीला एकटीला बसवलं तेव्हा कळलं की ती कॉलेजला जायचीच बंद झालीय, मागच्या बाकावरून कुणीतरी मानेवर कमेंट केली म्हणून. तिला सांगितलं, केसांवर फरक दिसायला सहाएक महिने जातात, तोवर थ्रेडिंग, लेझर खुशाल कर, त्यात लाज कसली. काकूंना सांगितलं, घासणं बंद आणि 'घाणेरडी' म्हणणं तर आजपासून बंद.

मग नेहमीचा प्रश्न, मूलबाळ होईल का? म्हटलं, पाळी आणि ओव्ह्युलेशनवर (ओव्हरीतून बीज सुटण्यावर) उपचार आहेत, पुष्कळ जणींना होतं, पण स्थळ बघताना आजार लपवू नका. यावर मात्र काकू रुसल्या, पुढच्या वेळी लेकीला काकांबरोबर पाठवलं.