दोन्ही पित्तच, मग गोळ्या दोन काहून?

सोयाबीनच्या मळणीत तुमच्या अंगावर पित्त उठलं, दवाखान्यातून सेटिरिझिन मिळाली आणि गांधी विरल्या. पुढे आईला छातीत जळजळ, आंबट ढेकर सुरू झाले, तेव्हा 'पित्ताचीच तर गोळी आहे' म्हणून उरलेली तिला दिली. जळजळ तशीच राहिली, वरून माय दिवसभर पेंगत होती. तेव्हा तुमचा प्रश्न, पित्त एकच तर गोळी का लागू पडली नाही?

भाऊ, हसण्यासारखा प्रश्न नाही हा. याच कोड्यापाशी शास्त्रज्ञ पस्तीस वर्षं अडले होते.

आपल्या बोलीत दोन दुखण्यांना एकच नाव आहे, आणि गंमत म्हणजे दोन्हींत हिस्टामिन नावाचं एकच रसायन सापडतं. कातडीत सुटलं तर खाज आणि गांधी, जठराच्या भिंतीत सुटलं तर आम्ल. (आम्लाला गॅस्ट्रिन आणि अॅसिटिलकोलीन या दुसऱ्या रसायनांचाही हुकूम चालतो, ते असो.) 1910 साली डेल आणि लेडलॉ या शास्त्रज्ञांनी हिस्टामिनचे शरीरावरचे परिणाम मांडले. 1937 मध्ये बोव्हे आणि स्टाउब यांनी त्याला अडवणारे पहिले रेणू शोधले. पुढे तशी औषधं आली, खाज थांबली, पण जठरातलं आम्ल काही ऐकेना.

बी.फार्म.ला असताना आम्ही हा प्रयोग केला होता. गिनिपिगच्या आतड्याचा तुकडा कोमट टायरोड द्रावणात (क्षारांच्या पाण्यात) टांगायचा, दुसरं टोक लेखणीला, लेखणी काजळी लावलेल्या फिरत्या ड्रमवर. हिस्टामिनचा थेंब पडला की आतडं आखडतं आणि ड्रमवर रेघ वर चढते. आधी मेपिरामिन, म्हणजे हिस्टामिनला अडवणारं एक जुनं औषध, टाकून ठेवलं, तर तेवढीच रेघ चढवायला हिस्टामिन कितीतरी जास्त लागतं. एसटीच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरल्यासारखं आहे हे. रुमाल प्रवास करत नाही, फक्त जागा अडवतो. पण गर्दी पुरेशी वाढली की रुमाल बाजूला सरतोच. म्हणून हिस्टामिनची मात्रा आणि रेघेची उंची यांचा आलेख उजवीकडे सरकतो, उंची मात्र तीच राहते. तो किती सरकला यावरून शिल्ड या औषधशास्त्रज्ञांनी एक आकडा काढायची रीत बसवली. दोन वेगळ्या अवयवांत तो आकडा जुळला, तर सीट एकाच जातीची समजायची.

1966 मध्ये अॅश आणि शिल्ड यांनी मेपिरामिनला दबणाऱ्या ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या त्या सीटला, एच-1 म्हटलं. जठरातला परिणाम आणि उंदराच्या गर्भाशयाचं सैल पडणं त्यात बसेना, पण त्या ग्राहीला त्यांनी नाव दिलं नाही. मला त्यांचा हा संयम फार आवडतो.

ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या चमूने मग हिस्टामिनच्या रेणूतच फेरफार केले. 4-मिथाइल हिस्टामिन जठरावर जोरात चालायचं, आतड्यावर अगदी मंद. म्हणजे जागा दोन, हे नक्की झालं. 1972 मध्ये ब्युरिमामाइड या रेणूने ती दुसरी जागा अडवून दाखवली आणि एच-2 नाव पडलं. 1976 मध्ये एच-2 अडवून आम्ल कमी करणारं सिमेटिडीन बाजारात आलं, 1988 मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळालं.

एच-3 1983 मध्ये उंदराच्या मेंदूत सापडला. तिथे तो हिस्टामिन सोडणाऱ्या चेताटोकांवर बसून त्यांनाच आवरतो. एच-4 मात्र 2000 च्या सुमारास जनुकांतून हाती लागला.

आता आईची पेंग. मेंदूत हिस्टामिन एच-1 वरूनच आपल्याला जागं ठेवतं. सेटिरिझिन थोडी तिथे पोचते, जुनी सीपीएम (क्लोरफेनिरामिन, खाजेचीच गोळी) त्याहून जास्त. जठराच्या एच-2 ला या गोळ्यांचं सोयरसुतक नाही. आईला डॉक्टरांकडे न्या. शौच काळी होत असेल किंवा घास अडकत असेल तर आजच. आणि तुमच्या गांधींबरोबर कधी ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, तर गोळीची वाट न पाहता तडक दवाखाना गाठा.

आणखी एक. कातडीच्या रक्तवाहिन्यांत थोडे एच-2 पण असतात, म्हणून चिवट पित्तात डॉक्टर कधीकधी सोबत फॅमोटिडीन ही एच-2 अडवणारी आम्लाची गोळी देतात. तेव्हा अंगावरच्या पित्ताला पोटातल्या पित्ताची गोळी मिळाली, तर मेडिकलवाल्याशी भांडू नका.