डेबियन लिनक्सच्या सर्व्हरवर ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) अपडेट केलं, तरी एनजिनएक्स (वेब सर्व्हर) जुनीच लायब्ररी वापरतंय. कॅशे रिकामा करून ती मेमरीतून जाईल का?

नाही जाणार. ड्रॉप कॅशेस (कॅशे रिकामा करण्याची सोय) चालवलंत तर कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, फक्त कोणी वापरत नसलेली पानं (मेमरीचे तुकडे) सोडतो. जी पानं एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, मॅप केलेली (स्वतःच्या मेमरीला जोडलेली) आहेत, त्यांना तो हात लावत नाही. लायब्ररींची यादी ताजी करणाऱ्या एलडीकॉन्फिगचाही इथे उपयोग नाही, कारण ते पुढे सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमसाठी आहे.

डेबियनवर (तुमचा सर्व्हर डेबियनचा आहे म्हणून) डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) नवी लायब्ररी आधी शेजारी वेगळ्या नावाने लिहितो आणि मग नाव बदलून जुनीच्या जागी बसवतो. नाव नव्या फाइलला मिळतं, पण जुन्या फाइलचा आयनोड (डिस्कवरची तिची खरी नोंद, जी नावापासून वेगळी असते) कोणीतरी उघडून बसलंय तोवर डिस्कवरून पुसला जात नाही. एनजिनएक्स त्याच जुन्या आयनोडवर आरामात चालत राहतं. ही रचना मुद्दाम अशी आहे आणि ती फार चांगली आहे. म्हणूनच चालू यंत्रणेतल्या लायब्ररीवर सीपीने (कॉपी करण्याच्या आज्ञेने) थेट दुसरी फाइल कधीही लिहू नका. तसं केलं की आयनोड तोच राहतो, आतला मजकूर बदलतो आणि ती वापरणाऱ्या प्रोसेस कोसळतात.

म्हणजे जुनी लायब्ररी जायची तर ती धरून बसलेली प्रोसेस बंद होऊन नव्याने सुरू व्हायला हवी. दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

कोणकोण धरून बसलंय हे शोधायला नीडरिस्टार्ट हे पॅकेज टाका. रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवलं की ते सेवांची यादी देतं आणि विचारून रिस्टार्टही करतं. रेड हॅट, फेडोरावर नीड्स-रिस्टार्टिंग आहे, ओपनसुसेवर झिपर पीएस. काहीच टाकायचं नसेल तर प्रॉक या फोल्डरखाली प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये मॅप्स नावाची फाइल असते, ती बघा. लायब्ररीच्या नावापुढे कंसात ‘डिलीटेड’ दिसलं की ती प्रोसेस अजून जुन्यावरच आहे.

आता तुमच्या एनजिनएक्सचं. बहुतेक जण इथे रीलोड (न थांबवता सेटिंग्ज पुन्हा वाचायला लावणं) देऊन मोकळे होतात आणि तेच पुरत नाही. रीलोडमध्ये वर्कर (प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोसेस) नवे येतात खरे, पण ते जुन्या मास्टरमधूनच (मुख्य प्रोसेसमधूनच) फोर्क होतात, म्हणजे त्याची प्रत म्हणून निघतात, त्यामुळे जुनी लायब्ररी वारशाने त्यांच्याकडे येते. पूर्ण रिस्टार्टच द्या. एखादा क्षण जोडण्या तुटतील, तेवढं सोसा.

मी एवढं बजावतोय त्याला कारण आहे. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही सुरक्षा-त्रुटी उघड झाली. ओपनएसएसएल 1.0.1 ते 1.0.1एफ या आवृत्त्यांमधून सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर, खासगी किल्लीसकट, बाहेर काढता येत होता. 1.0.1जीमध्ये दुरुस्ती आली. आता समजा, पॅकेज अपडेट केलं, नवी किल्ली आणि नवं सर्टिफिकेट बसवलं आणि रीलोड दिलं. तर ती कोरी किल्लीसुद्धा जुन्या, गळक्या लायब्ररीच्या हाती गेली! म्हणून आधी रिस्टार्ट, मग मॅप्स तपासणं, आणि त्यानंतरच किल्ल्या बदलणं.

ओपनएसएसएलपुरतं सेवा रिस्टार्ट करून भागतं. जीलिबसी (जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी मूळ लायब्ररी) बदललं तर मात्र सरळ रीबूट करा. ती जवळपास सगळ्यांनीच धरलेली असते, अगदी सगळ्यात आधी सुरू होणाऱ्या, पहिल्या क्रमांकाच्या सिस्टिमडीने (सेवा चालवणारी प्रोसेस) आणि डीबसनेही (प्रोग्रॅमांमध्ये निरोप पोचवणारी सेवा). सिस्टिमडीला डेमन-रीएक्झेक या आज्ञेने नव्यावर आणता येतं, पण चालू यंत्रणेत डीबस रिस्टार्ट करणं म्हणजे नसती आफत. रात्री कमी वर्दळीच्या वेळी एक रीबूट त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. कर्नलच्या अपडेटलाही तेच.

आणि त्या सर्व्हरवर डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारी सोय) चालत असेल तर कंटेनरमधली लायब्ररी इमेजमधून (कंटेनर ज्यावरून उभा राहतो त्या साच्यातून) येते, होस्टवरच्या (मूळ सर्व्हरवरच्या) अपडेटने ती बदलत नाही. तिथे नुसता रिस्टार्टही कामाचा नाही; इमेज नव्याने बांधून कंटेनर त्यावरून पुन्हा उभा करावा लागेल.