अंगठी खिशातच राहिली, ॲडव्हान्सचं काय?

प्रश्न : मी नाशिकला नोकरी करतो. मैत्रिणीला लग्नाचं विचारायचं म्हणून उत्तर गोव्यात किनाऱ्यालगतच्या एका रेस्टॉरंटमध्ये महिनाभर आधी ‘प्रपोजल पॅकेज’ बुक केलं. समुद्राकडचं कठड्याजवळचं टेबल, फुलं, गिटारवाला, सूर्यास्ताची वेळ, सगळं त्यांच्या बिझनेस व्हॉट्सॲपवर ठरलं. ॲडव्हान्सचे १५,००० रुपये मॅनेजरने स्वतःच्या नंबरवर यूपीआयने घेतले. त्या संध्याकाळी पोहोचलो तर आमचं टेबल एका कंपनीच्या पार्टीला दिलेलं. आम्हाला आत, किचनच्या दाराशी बसवलं. गिटारवालाही पार्टीकडेच. अंगठी काही बाहेर काढता आली नाही. वर जेवणाचं वेगळं बिल, त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज. मॅनेजर आता नोकरी सोडून गेलाय. मालक म्हणतात, ‘पैसे आमच्या खात्यात आलेच नाहीत, आणि ॲडव्हान्स नॉन-रिफंडेबल आहे हे मेसेजमध्ये लिहिलं होतं.’ मी गुगलवर एक ताऱ्याचा अभिप्राय देऊन ‘पैसे द्या, मग काढतो’ असं त्यांना कळवलंय. प्रवास, मुक्काम, मनस्ताप धरून पाच लाखांचा दावा करू का? आमच्या दोघांच्याही घरी अजून काही माहीत नाही.

उत्तर : मालकांची दोन्ही उत्तरं जपून ठेवा, कारण ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. पैसे आलेच नसतील तर ते परत न मिळणारे कसे? हे दोन्ही त्यांनी लेखी कळवलं असेल तर तुमचं अर्धं काम त्यांनीच केलंय.

मॅनेजरच्या नंबरची तुम्हाला धास्ती वाटतेय, ती समजू शकते. पण भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये यावर सरळ तरतूद आहे. नोकराला किंवा प्रतिनिधीला असे व्यवहार करायचा अधिकार आहे, असं मालकाच्या वागण्यावरून ग्राहकाला वाटलं, तर ‘मी त्याला सांगितलंच नव्हतं’ असं म्हणून मालकाला सुटता येत नाही (कलम २३७). बोलणं रेस्टॉरंटच्या नंबरवर झालं. पैशांचा नंबर त्याच चॅटमध्ये आला. त्या संध्याकाळी तुमच्या नावाने बुकिंग निघालं, म्हणून तर आत का होईना, टेबल मिळालं. मॅनेजरने पैसे गल्ल्यात भरले की घरी नेले, हा त्या दोघांचा हिशेब. ग्राहक आयोगातल्या तक्रारीत मात्र विरुद्ध पक्ष म्हणून दोघांनाही घ्या, नाहीतर मालक सगळं गैरहजर माणसावर ढकलून मोकळे होतील.

आता ‘नॉन-रिफंडेबल’. ही अट तुम्ही ऐनवेळी पाठ फिरवली असती तर त्यांच्या कामाची. इथे शब्द त्यांनी मोडलाय. ठरलेली सेवा दिली नाही ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतली त्रुटी, आणि अशा सेवेचे पैसे पावतीवरच्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा. त्या अटीलाच ‘अन्यायकारक करार’ म्हणून आव्हान द्यावं, असा सल्ला कोणी देईल. देऊ नका. तसं केलंत तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या हाताबाहेर जाऊन राज्य आयोगाकडे जातं, आणि पंधरा हजारांसाठी तिथल्या खेपा सुरू होतात.

पाच लाखांचं मात्र डोक्यातून काढा. करार मोडला तर दोन प्रकारचं नुकसान मागता येतं : ओघानेच होणारं, आणि करार करताना दोघांनाही ठाऊक असलेलं (करार कायदा, कलम ७३). दूरचं, ओढूनताणून आणलेलं नुकसान कायदा देत नाही. तुम्ही गोव्यात राहिलात, फिरलात; विमानाचं तिकीट आणि मुक्काम रेस्टॉरंटच्या माथी मारता येणार नाही. पण मनस्तापाचा मुद्दा तुमच्या बाजूने भक्कम आहे, आणि तो एका मेसेजमुळे. ‘मला तिला लग्नाचं विचारायचंय, म्हणून कठड्याजवळचंच टेबल हवंय’ असं तुम्ही बुकिंगच्या पहिल्याच दिवशी लिहिलंत आणि पलीकडून ‘डोन्ट वरी सर’ असं उत्तर आलं. नुसतं ‘दोघांसाठी टेबल, सहा वाजता’ इतकंच लिहिलं असतं तर हे प्रकरण एका टेबलाच्या अदलाबदलीचं झालं असतं. पॅकेजचे १५,००० (जेवणाचं बिल वेगळं घेतलंय, त्यामुळे ही रक्कम पूर्ण मागा), त्यावर व्याज, मनस्तापाचे पंचवीस-तीस हजार आणि तक्रारीचा खर्च एवढीच मागणी ठेवा. आकडा फुगवला की आयोगाचा पहिला प्रश्न आकड्यावरच येतो.

सर्व्हिस चार्जही जोडा. न विचारता बिलात लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. रक्कम किरकोळ आहे, पण समोरच्याची वागणूक दाखवायला बरी पडते.

तक्रारीसाठी गोव्याला जायची गरज नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते (ग्राहक संरक्षण कायदा, कलम ३४), म्हणजे तुमचं नाशिक. बिलाच्या तळाशी ‘सर्व वाद गोवा न्यायालयाच्या अधीन’ असं छापलेलं असलं तरी ग्राहकाचा हा हक्क तशा छापील ओळीने सहसा जात नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही (हे लिहिताना माझ्या सहकाऱ्यांची आठवण येतेय), आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला लेखी उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून टाकलंय.

आणि घरच्यांचं. सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहक असते, त्यामुळे मैत्रिणीलाही सहतक्रारदार करता येईल. करू नका. आयोगाचे निकाल नावानिशी संकेतस्थळावर चढतात, आणि होणाऱ्या सासऱ्यांना ही बातमी गुगलवरून कळणं बरं नव्हे. अर्ज तुमच्या एकट्याच्या नावे करा, पत्ता कचेरीजवळचा द्यायचा की घरचा तेही ठरवा. आयोगाची पाकिटं आई-वडीलच उघडतात.

तुम्ही गुगलवर एक तारा देऊन ‘पैसे द्या, मग काढतो’ असं मालकांना कळवल्याचंही लिहिलंय. तो निरोप आजच मागे घ्या. घडलं ते खरंखुरं लिहायला हरकत नाही. पण त्याच्या बदल्यात पैसे मागितलेत की तेच वाक्य उद्या तुमच्याविरुद्ध वाचून दाखवलं जाईल.

आता आधी मालकांच्या नावे पैशांची लेखी मागणी स्पीड पोस्टाने पाठवा, सोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि बिलाची प्रत लावा. ३० दिवस थांबा. दरम्यान १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. रेस्टॉरंटवाले कित्येकदा तिथेच नमतात. नाही नमले तर अर्ज. मुदत प्रसंगापासून दोन वर्षांची आहे, पण चॅट मात्र आजच तारखा-नंबरांसकट उतरवून घ्या आणि त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडून ठेवा. फोन बिघडून किंवा बदलून जुने मेसेज हातचे जायच्या आत.