पिल्लांना पहिल्या पाच दिवसांचा ‘डोस’ कशासाठी?

प्रश्न : ५००० ब्रॉयलर आहेत. पिल्ले उतरवली त्या दिवसापासून दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे पाच दिवस अँटिबायोटिक आणि टॉनिक दिले. आज १८वा दिवस आहे. विष्ठा पातळ व नारिंगी आहे आणि त्यात खाद्याचे कण तसेच दिसतात. दुकानदार म्हणतो डोस दुप्पट करा. काय करावे? (ता. सिन्नर, जि. नाशिक)

उत्तर : दुप्पट करू नका, दादा. पुढचा एक थेंबही पक्षी फाडून बघितल्याशिवाय पाण्यात घालू नका. आज ताजे मेलेले तीन-चार पक्षी बर्फावर ठेवून जनावरांच्या दवाखान्यात न्या. फ्रीजरमध्ये गोठवलेले किंवा उन्हात फुगलेले पक्षी आणले तर आम्हालाही त्यातून काही कळत नाही.

आता मूळ चूक. हॅचरीतून आलेल्या पिल्लाचे आतडे जवळपास कोरे असते. कोंबडीखाली निघालेल्या पिल्लाला आईच्या विष्ठेतून, मातीतून चांगले जिवाणू मिळतात. मशीनमधून निघालेल्याला आईच नाही. पहिल्या दिवसांत जे जिवाणू आत जातील, तेच तिथे बस्तान बसवतात. लॅक्टोबॅसिलससारखे बसले तर ते आम्ल तयार करतात, आतड्याची भिंत आणि अन्न दोन्ही अडवून धरतात. मग साल्मोनेला या रोग लावणाऱ्या जिवाणूला पाय ठेवायला जागा मिळत नाही. तुम्ही पाच दिवस अँटिबायोटिक पाजून हे चांगले जिवाणूच मारलेत. रान नांगरून मोकळे टाकले आणि पेरले नाही, तर त्यात तणच येणार.

ही माझ्या मनची गोष्ट नाही. फिनलंडमध्ये १९७१ साली ब्रॉयलरमधून साल्मोनेला माणसांत पसरला. त्यानंतर १९७३ मध्ये नुर्मी आणि रँटाला या संशोधकांनी दाखवले की निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू एक दिवसाच्या पिल्लाला दिले, तर साल्मोनेला त्याच्या आतड्यात सहज ठाण मांडत नाही. पण म्हणून कोणी मोठ्या पक्ष्यांची विष्ठा उचलून पिल्लांना घालायची नाही! त्यातून रोगही जातात. प्रयोगशाळेत तपासलेला प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंची पावडर किंवा द्रव) वेगळा आणि उकिरडा वेगळा.

१८व्या दिवशी नारिंगी विष्ठा दिसली की मला आधी कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी आठवतो. तो आतड्याचे अस्तर सोलतो आणि त्या जखमेवर क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू वाढतो. फाडल्यावर आतड्याच्या शेवटच्या दोन बंद पिशव्यांत रक्त दिसले तर कॉक्सिडिया. लहान आतडे वायूने फुगलेले, पातळ झालेले आणि आतून जुन्या टॉवेलसारखे खरखरीत लागले तर क्लॉस्ट्रिडियम. दोन्हींची औषधे वेगळी. काउंटरवरून विष्ठेचा मोबाईलवरचा फोटो बघून हे ठरत नाही.

दुकानदाराने एकत्र दिलेली औषधांची ‘जोडी’ कधीच घेऊ नका. कॉक्सिडियाचे औषध अँप्रोलियम चालू असताना बी-१ असलेले टॉनिक दिले की औषधाचा परिणाम मारला जातो. अँप्रोलियम काम करते तेच मुळी कॉक्सिडियाचा बी-१ तोडून. आणि याहून वाईट : खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन (कॉक्सिडिया रोखायला खाद्यात घालतात ती औषधे) असताना ‘सीआरडीसाठी’, म्हणजे श्वासाच्या जुनाट रोगासाठी, म्हणून टियामुलिन हे अँटिबायोटिक पाजणे. एका शेडवर मला बोलावले तेव्हा पक्षी पाय मागे ताणून तुसावर आडवे पडले होते, मान उचलत नव्हते. शेतकरी रडकुंडीला येऊन म्हणत होता, साहेब, औषध तर चांगल्या कंपनीचे होते. औषध चांगलेच होते, पण त्या खाद्यावर ते विष झाले. खाद्याच्या पोत्यावरचे लेबल वाचल्याशिवाय पाण्यात काहीही घालू नका.

डोसचे म्हणाल तर ‘लिटरला इतके मिली’ हा हिशोबच धोक्याचा आहे. औषध वजनावर ठरते. १८ दिवसांचा पक्षी ६५० ग्रॅम धरला तर तुमच्या शेडमध्ये ३२५० किलो वजन आहे. हिशोब त्याचा करायचा. थंडीत पक्षी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो, एप्रिल-मेमध्ये त्याहून कितीतरी जास्त. लिटरवर मोजलेले औषध उन्हाळ्यात आपोआप जास्त जाते, आणि तुम्ही वर दुप्पट करायला निघालात.

कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोणी पुडीत बांधून दिले तर परत करा. जुलै २०१९ पासून अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि पक्ष्यांत ते वापरायला देशात बंदी आहे, कारण माणसाच्या दवाखान्यात ते शेवटचे औषध म्हणून राखून ठेवलेले असते. ‘एन्रो’चेही (एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचेही) असेच जपून. कोंबडीच्या आतड्यातला कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू त्याला दाद देईना, तीच लागण माणसात जाऊ लागली, म्हणून अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांत ते बंद केले. आपल्याकडे मात्र पिल्लू उतरले की पहिली बाटली तीच उघडतात. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर नको, आणि चिठ्ठी असेल तर औषध संपल्यापासून विक्रीपर्यंत लेबलवरचे दिवस मोजूनच गाडी बोलवा.

मग करायचे काय? पाणी. मी प्रत्येक शेडवर आधी पाण्याची लाईन उघडतो. निपलच्या (पक्षी चोच लावून पाणी पितात त्या तोट्यांच्या) पाइपमध्ये बोट घातले की तपकिरी, बुळबुळीत थर निघतो. गुळाचे पाणी, टॉनिक, व्हिटॅमिन जे जे तुम्ही पाजले, त्यावर पोसलेला. वरून क्लोरीन टाकून तो निघत नाही. बॅच गेली की लाईनमध्ये सफाईचे द्रावण लेबलप्रमाणे भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी जोराने धुऊन काढा. चालू बॅचमध्ये १००० लिटर टाकीला १० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी टाकीत ओता, अर्धा तास थांबा. उघड्या पोत्यातली वर्षभराची पावडर म्हणजे नुसता चुना. विहिरीच्या पाण्याचा सामू (पीएच) ८ च्या वर असेल तर क्लोरीन कमी पडतो, म्हणून एकदा पाणी तपासून घ्या. लशीच्या आदल्या दिवशी, लशीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी क्लोरीन बंद.

प्रश्न : बचत गटाच्या ३०० कोंबड्या आहेत. अंडी घेणाऱ्या हॉटेलवाल्याने सांगितले की गिऱ्हाइकांना जुलाब झाले. कोंबड्या तर ठणठणीत आहेत. कोणते औषध द्यावे? (ता. वाई, जि. सातारा)

उत्तर : ताई, कोणतेही नको. कोंबडी ठणठणीत आणि माणूस आजारी, हीच साल्मोनेला एन्टेरिटिडिसची रीत. पिल्लांना पांढरी हगवण लावणारा साल्मोनेला वेगळा. हा कोंबडीला त्रास न देता अंडाशयात बसतो आणि कवच चढण्याआधीच अंड्यात शिरू शकतो. अँटिबायोटिकने विष्ठेतले जिवाणू काही दिवस कमी दिसतील, पण लागण मुळातून जाईलच असे नाही आणि औषधाचा अंश अंड्यात येईल तो वेगळाच. विष्ठेचे आणि अंड्यांचे नमुने दवाखान्यामार्फत पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागात पाठवा. औषध पाजण्याआधी पाठवा, नंतर नाही.

अंडी बादलीत बुचकळून धुता का? धुऊ नका. थंड पाण्यात अंडे आतून आकसते आणि कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढते. मळलेली अंडी वेगळी काढा. खुराड्यातला पेंढा बदला, दिवसातून दोनदा अंडी गोळा करा आणि उंदीर मारा. खाद्याच्या पिंपात उंदराच्या लेंड्या सापडल्या तर साल्मोनेला कुठून आला हे मला विचारू नका. हॉटेलवाल्यालाही विचारा, मेयोनीज कच्च्या अंड्याचे करतो का? तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये त्यावर एक वर्षाची बंदी घातली ती अशाच त्रासामुळे. अंडे पूर्ण शिजले की हा जिवाणू मरतो.

प्रश्न : प्रोबायोटिकऐवजी ताक चालेल का? नवीन शेडला अनुदान आहे का? (जि. लातूर)

उत्तर : ताक द्या, पण भांड्यात, दोन तासांपुरते, उरलेले ओतून टाका. निपल लाईनमध्ये कदापि नको. मात्र दुधातले जिवाणू कोंबडीच्या आतड्यात टिकून राहतीलच असे नाही. पहिल्या दिवशी पहिल्या पाण्यातून चांगला प्रोबायोटिक, तोही क्लोरीन नसलेल्या पाण्यातून, हा खर्च मी करायला सांगतो. अनुदान : पशुसंवर्धन विभागाच्या नावीन्यपूर्ण योजनेत १००० मांसल पक्षी, सर्वसाधारण ५० टक्के, अनुसूचित जाती-जमाती ७५ टक्के, अर्ज ऑनलाइन, बाकी माहिती पंचायत समितीत.

प्रश्न : व्यापारी तीन टप्प्यांत पक्षी उचलतो. पहिल्या उचलीनंतर उरलेल्यांत हगवण लागते. (ता. खालापूर, जि. रायगड)

उत्तर : कारण त्याच्या जाळ्या आणि त्याच्या माणसांचे पाय. दोन-तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांत कॅम्पिलोबॅक्टर सहसा नसतो. एकदा शिरला की आठवडाभरात जवळजवळ सगळ्या शेडमध्ये होतो. त्याने पक्षी फारसा आजारी पडत नाही, पण माणसाला जुलाब होतात. पक्ष्यांना हगवण लावणारे दुसरे रोगही त्याच जाळ्यांवरून आत येतात. जमेल तर एकाच उचलीचा सौदा करा. जमत नसेल तर जाळ्या दारातच धुवायला लावा आणि शेडची चप्पल वेगळी ठेवा. दाराला आडवी फळी लावा. बाहेरची चप्पल फळीच्या अलीकडे, आतली पलीकडे. माझ्या भागात ज्यांनी एवढी फळी लावली त्यांच्या औषधाची बिले कमी झालेली मी पाहिली आहेत. उचलीच्या आधी खाद्य काढायचे ते कापेपर्यंत ८ ते १२ तास होतील असे. पाणी शेवटपर्यंत चालू. त्याहून जास्त उपाशी ठेवले तर पक्षी तूस आणि विष्ठा टोचतात आणि कापताना आतडे फुटते. व्यापारी गाडी उशिरा आणणार असेल तर खाद्यही उशिराच काढा, आणि गाडी निघाल्याचा फोन आल्याशिवाय फीडर उचलू नका.