पेस्ट लावून आणला आणि पीसी आणखीच तापायला लागला

प्रश्न : सर नमस्कार. मी भुसावळचा, रिटायर्ड आहे. २००९ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप अजून वापरतो, कोअर टू ड्युओ ई७५००, ४ जीबी रॅम, मुलाने मागे एसएसडी टाकून दिली त्यामुळे चालतो एकदम मस्त. पण एप्रिल लागल्यापासून दहा-पंधरा मिनिटं झाली की आधी माउस अडकत अडकत चालतो, मग फॅन मिक्सरसारखा ओरडायला लागतो आणि एकदम फट्कन बंद. लगेच चालू केला तर दोन मिनिटांत परत तेच. दुकानात नेला, त्याने प्रोसेसरला नवीन पेस्ट लावून ३०० रुपये घेतले, घरी आणला तर आता पाच मिनिटंसुद्धा टिकत नाही. परत विचारलं तर म्हणतो प्रोसेसर गेला, नवीन मशीन घ्या. मला पेन्शनचं, बँकेचं आणि यूट्यूबवर कीर्तन एवढंच लागतं. काय करू?

उत्तर : काका, थांबा, पैसे काढू नका. प्रोसेसर हा कॉम्प्युटरमधला सगळ्यात चिवट पार्ट, मदरबोर्ड जातो, एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) जातो, हार्डडिस्क तर जातेच, पण प्रोसेसर स्वतःहून गेलेला मी फार कमी वेळा पाहिलाय. आणि गेलेला प्रोसेसर पाच मिनिटं चालून मग बंद पडत नाही, तो बहुतेक वेळा चालूच होत नाही. तुमचा बंद पडतोय कारण तो स्वतःला वाचवतोय. १०० डिग्रीच्या आसपास गेला की आधी तो आपला स्पीड कमी करतो (तुमचा माउस अडकतो तो तेव्हा), तरी गरम होतच राहिला तर मदरबोर्डला सांगून सप्लाय तोडतो.

तुमच्या पत्रात उत्तर तुम्हीच देऊन टाकलंय, पेस्ट लावल्यावर जास्त बिघडलं. म्हणजे जिथे हात लागला तिथेच गडबड आहे.

पण आधी खात्री करून घ्या, फुकटात होते. पीसी तासभर बंद ठेवा, मग चालू करतानाच डिलीट की दाबत राहा, बायोस (विंडोजच्या आधीचं सेटिंगचं पान) उघडेल, त्यात पीसी हेल्थ किंवा हार्डवेअर मॉनिटर असं पान असतं, तिथे सीपीयूचं म्हणजे प्रोसेसरचं टेम्परेचर आणि फॅनचा आरपीएम (मिनिटाला किती फेरे) दिसतो. आता काहीच न करता घड्याळ घेऊन समोर बसा. आकडा किती आहे यापेक्षा तो चढतो कसा हे बघायचं. मिनिटभरात ५० चा ८० झाला आणि थांबायचं नावच घेत नाही, तर हीटसिंक (फॅनखालचा, उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही. हळूहळू चढून ६०-६५ ला थांबला आणि नंतर काम करताना वाढत गेला, तर धूळ किंवा हवेचा प्रश्न. चढलाच नाही आणि तरी बंद पडला तर एसएमपीएस बघा. विंडोजमध्ये कोअर टेम्प नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, तेही चालेल, फक्त या पिढीचे सेन्सर थंड असताना जरा गंडलेले असतात, गरम झाल्यावर बरोबर सांगतात.

माझा अंदाज पहिल्याचा आहे. इंटेलच्या त्या काळच्या कंपनी फॅनला चार पाय असतात, पांढरं प्लॅस्टिक आणि त्यात घुसणारी काळी पिन, आणि ही पिन म्हणजे शुद्ध डोकेदुखी. चारपैकी तीन बसतात, चौथी बसल्यासारखी वाटते. वरून बघितलं तर सगळं छान, पण एक कोपरा केसभर उचललेला असतो आणि तेवढं पुरतं. कॅबिनेट आडवं टाका, वायर काढलेली पाहिजे, आणि चारही पाय बोटाने हळूच वर ओढून बघा. एखादा सहज वर आला तर सापडला चोर.

मग पूर्ण काढूनच बसवा. काढायच्या आधी पाचेक मिनिटं पीसी चालू ठेवा म्हणजे पेस्ट मऊ होते, मग बंद करून वायर काढा. पिनच्या डोक्यावर बाण असतो, त्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढलं की सुटते. बसवताना चारही डोकी आधी उलट फिरवून मूळ जागी आणायची, हे विसरलं की कितीही दाबा, लॉक होत नाही आणि दुकानात घाईत नेमकं हेच राहतं. मग समोरासमोरचे कोपरे एकदम दाबायचे, टक् असा आवाज येतो, नंतर दुसरी जोडी. दाबताना मदरबोर्ड चांगलाच वाकतो, घाबरायला होतं, म्हणून मी तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून करतो. बोर्ड उलटा करून बघितलं की चारही भोकांतून पांढरे पाय फाकलेले आणि मधे काळी पिन दिसली पाहिजे.

पेस्ट परत लावावी लागेल, एकदा उचललेली चालत नाही. जुनी टिश्यूने पुसा, उरलेली आयसोप्रोपिल अल्कोहोलने. नवीन किती? तुरीच्या डाळीचा एक दाणा, मधोमध, बस. श्रीखंड पसरतात तशी थापायची नाही. दोन धातूंच्या मधल्या बारीक खाचांतली हवा घालवायला पेस्ट असते, हवा उष्णता जवळजवळ नेतच नाही, पेस्ट बऱ्यापैकी नेते, पण तांब्या-ॲल्युमिनियमच्या पुढे पेस्टही काहीच नाही, म्हणून जाड थर दिला की उलटं नुकसान.

हीटसिंक हातात आलाच आहे तर फॅन त्याच्यापासून वेगळा करून मधे बघा. मागच्या वर्षी मेहुण्याचा पीसी असाच आला होता, फॅन फुल स्पीडने फिरत होता म्हणून सगळे म्हणायचे फॅन ओके आहे, फॅन काढला तर खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर धुळीची अशी गादी जमलेली की नखाने धरली तर घोंगडीच्या तुकड्यासारखी अख्खी गोल निघून आली. त्यात देवघराच्या उदबत्तीचा वास. फॅन फिरतोय म्हणजे हवा जातेय असं नसतं हो. रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडा, ब्लोअर मारणार असाल तर फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरलं तर बेअरिंग खराब होतं.

आता भुसावळच्या उन्हाळ्याबद्दल. फॅन काही एसी नाही, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. जानेवारीत खोली २५ ला आणि प्रोसेसर ६० ला असेल, तर मे महिन्यात खोली ४२ ला गेली की तोच प्रोसेसर तेच काम करताना ७७ च्या आसपास जाणार. म्हणून थंडीत लपलेला आजार एप्रिलमध्ये बाहेर येतो. तुमचा डबा कॉम्प्युटर टेबलच्या त्या बंद कप्प्यात असेल (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, असो) तर आधी बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर लांब, आणि धुळीसाठी वर घातलेलं प्लॅस्टिकचं कव्हर चालू असताना तरी काढत जा.

कीर्तन यूट्यूबच्या ७२० क्वालिटीवर बघा. यूट्यूब हल्ली ज्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतं ते तुमच्या ग्राफिक्सला उलगडता येत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो, १०८० लावलं की बिचारा १०० टक्क्यांवर.

नवीन मशीन घ्यायचंच असेल तर त्याला खरं कारण वेगळं आहे, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे बँकेच्या कामाचा विचार मुलाशी बोलून करा. पण तो निर्णय निवांत घ्या, पिन बसली नाही म्हणून नको.

प्रश्न : माझा एएमडीचा जुना पीसी आहे, पेस्ट बदलायला हीटसिंक ओढतोय पण निघतच नाही. जोर लावू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : अजिबात नको! जुन्या एएमडीत पिना प्रोसेसरलाच असतात, लॉक असूनसुद्धा तो हीटसिंकला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो आणि पिना वाकतात. दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, क्लिप सोडा आणि हीटसिंक डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत राहा, ओढू नका. पेस्ट सुटली की आपोआप हातात येतो. तरी प्रोसेसर सोबत आलाच तर पिनांना टेबल लागू देऊ नका, वाकलेली पिन रिकाम्या लीड पेन्सिलच्या टोकाने सरळ करता येते, पण फार जपून.

प्रश्न : टेम्परेचर ५२ च्या वर जात नाही, तरी गेम चालू केला की पीसी बंद होतो. नवीन कूलर घेऊ का? – एक वाचक, पुणे

उत्तर : कूलर नको, एसएमपीएस तपासा. मल्टिमीटरने पिवळी आणि काळी वायर, लोड असताना ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मधे पाहिजे, गेम सुरू झाल्या झाल्या त्याच्या खाली पडत असेल तर बदला. मदरबोर्डवरचे कपॅसिटरही (उभ्या छोट्या डब्यांसारखे पार्ट) बघून घ्या, डोक्यावर फुगलेले आहेत का. एसएमपीएस स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरसुद्धा आत करंट राहतो.