नाव प्रभूचे, सही कुणाची?

इंदूरच्या एका निवृत्त परिचारिकेचे पत्र आले आहे. वय ६१. सगळी नोकरी खासगी दवाखान्यात झाल्यामुळे पेन्शन नावापुरते. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून १२ लाख रुपये बँकेत आहेत. घर स्वतःचे, मुलगी लग्न होऊन नाशिकला. चर्चच्या महिला मंडळातल्या मैत्रिणीने त्यांना एका फर्मची माहिती दिली. फर्मच्या नावात बायबलमधला एक डोंगर आहे आणि माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर वचन. दर महिना दीड टक्का नफा, वर्षभराचे पुढच्या तारखांचे चेक, स्टँप पेपरवर नोटरी केलेला 'भागीदारी करार', आणि फर्मच्या कमाईचा दशांश चर्चला. नवा सभासद आणला तर दोन टक्के कमिशन. विजय नगरच्या ऑफिसचे उद्घाटन पाळकसाहेबांच्या प्रार्थनेने झाले. ताईंनी बचतीतले ५० हजार घालून पाहिले, दोन महिने ७५० रुपये वेळेवर आले. आता विचारतात: "१२ लाख सगळे घालू की निम्मे? बाहेरच्यांपेक्षा देवाला भिणारी आपली माणसे बरी, असे वाटते."

ताई, सगळेही नकोत आणि निम्मेही नकोत. घातलेले ५० हजारही परत मागा.

मी तुमच्या चर्चचा नाही, त्यामुळे तिथल्या माणसांबद्दल बोलायचा मला अधिकार नाही आणि बोलायचेही नाही. फर्म चालवणारे बंधू रोज प्रार्थना करत असतील, मनापासून करत असतील. तरी माझे उत्तर हेच राहील, कारण ते त्यांच्या चारित्र्यावर नव्हे, आकड्यांवर आणि कागदावर उभे आहे.

आधी आकडे. १२ लाखांवर दीड टक्का म्हणजे महिना १८,००० रुपये. आता समजा, या फर्मने एक रुपयाचाही धंदा केला नाही. तुमचे पैसे नुसते कपाटात ठेवले आणि त्यातूनच तुम्हाला दरमहा १८,००० दिले. किती दिवस पुरतील? साडेपाच वर्षे. म्हणजे २०३० च्या पुढेसुद्धा तुम्ही मंडळात सांगत राहाल की एक महिना चुकला नाही, आणि तुम्ही खोटेही बोलत नसाल. मैत्रिणीला तीन वर्षे वेळेवर पैसे मिळाले, असे तुम्ही लिहिता. मिळाले असतील. पण त्यावरून धंदा चालतो की नाही, हे कळत नाही. तुमच्या ७५० रुपयांवरून तर काहीच कळत नाही.

दुसरा हिशोब त्यांच्या बाजूने करू. तुम्हाला वर्षाला १८ टक्के, आणणाऱ्याला दोन टक्के, वर दशांश, वर ऑफिसचे भाडे आणि पगार. एवढे देऊन स्वतःला काही उरायचे, तर धंद्याने पंचवीस-तीस टक्के तरी दरवर्षी, न चुकता, कमवायला हवेत. असा धंदा ज्याच्याकडे आहे, त्याला बँक याहून कितीतरी स्वस्तात कर्ज देईल. तो तुमच्या निवृत्तीच्या पैशांसाठी महिला मंडळात कशाला येईल?

आता नावाकडे येतो, कारण तुमचा विश्वास तिथून सुरू झाला आहे. आपल्या कायद्यात 'बँक' हा शब्द कुणालाही पाटीवर लिहिता येत नाही. 'विमा', 'म्युच्युअल फंड' या शब्दांवरही पहारा आहे, आधी नियामकाची मंजुरी लागते. बायबलमधल्या डोंगरावर, नदीवर किंवा संदेष्ट्याच्या नावावर असा पहारा नाही. पवित्र नावाची मक्तेदारीही कुणाकडे नसते: अगरबत्तीच्या व्यापारचिन्हाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले की 'रामायण' या नावावर कुणा एकाला हक्क सांगता येणार नाही. म्हणजे चांगला माणूस ते नाव जितक्या सहज घेतो, तितक्याच सहज लबाडही घेतो. दोघांनाही त्याचे काही मोल पडत नाही.

हे फक्त तुमच्या समाजात घडते असे मुळीच नाही. बेंगळुरूमध्ये 'हलाल' गुंतवणुकीच्या नावावर हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे घेणारी आयएमए ही कंपनी २०१९ मध्ये कोसळली. तिथल्याच श्री गुरु राघवेंद्र सहकारी बँकेवर जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त ३५ हजार काढता येत होते. ती निदान बँक होती, ठेवीला विम्याचे कवच होते: तेव्हा एक लाखाचे, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत. तुमच्या फर्मला तेही नाही.

ख्रिस्ती गुंतवणूकदारांचे सर्वात बोलके उदाहरण अमेरिकेचे आहे. 'बॅप्टिस्ट फाउंडेशन ऑफ अॅरिझोना' ही संस्था १९४८ पासूनची, खुद्द चर्चच्या छत्राखालची. लोकांनी, त्यात निवृत्त मंडळी पुष्कळ, प्रभूच्या कामाला हातभार आणि वर चांगले व्याज म्हणून पैसे ठेवले. जमिनीच्या व्यवहारात तोटा झाला, तो दुसऱ्या कंपन्यांच्या वह्यांत लपवला गेला, आणि नव्या ठेवींतून जुन्यांचे व्याज दिले जाऊ लागले. १९९९ मध्ये दिवाळे निघाले तेव्हा ११ हजारांवर लोकांचे ५० कोटी डॉलरहून जास्त अडकले होते. मला यात सर्वात महत्त्वाचे वाटते ते हे, की सुरुवात लबाडीने झाली नव्हती. विश्वासामुळे वह्या उघडून दाखवा, असे म्हणायला माणसे संकोचली आणि तोटा झाकायला वेळ मिळत गेला. फ्लोरिडातल्या 'ग्रेटर मिनिस्ट्रीज'ने मात्र आरंभापासून बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातले 'द्या म्हणजे तुम्हाला दिले जाईल' हे वचन पुढे करून पैसे दुप्पट करण्याचे आश्वासन दिले. तिच्या प्रमुखाला २००१ मध्ये २७ वर्षांची शिक्षा झाली.

तुमच्या फर्मचा दशांश मला याच कारणासाठी खटकतो. ज्या चर्चला दर महिन्याला पैसे येतात, त्या चर्चची कमिटी हिशोब कसा मागणार? आणि पाळकसाहेबांनी प्रार्थना केली ती ऑफिसासाठी. ताळेबंद त्यांना कुणी दाखवला नसणार.

उलट बाजूही सांगतो. अमेरिकेत 'टिमोथी प्लॅन' नावाचे म्युच्युअल फंड १९९४ पासून आहेत. नाव बायबलमधलेच, दारू-जुगाराच्या कंपन्या टाळायचे धोरणही उघड. पण तिथे पैसे कस्टोडियनकडे, म्हणजे ते सांभाळणाऱ्या त्रयस्थ संस्थेकडे असतात, रोजचा भाव जाहीर होतो, वर नियामक बसलेला असतो. श्रद्धेला जपून गुंतवणूक करायची इच्छा मला चुकीची वाटत नाही. फक्त तो पहारा नावाबाहेरचा हवा.

आता कागद. करारात तुम्हाला 'भागीदार' म्हटले आहे आणि नफा-तोटा काहीही होवो, दीड टक्का ठरलेला आहे. हे दोन्ही एकत्र बसत नाही. ठरलेली रक्कम मिळणार असेल तर ती ठेव आहे, आणि कुठल्याही नियामकाच्या कक्षेत नसलेल्या ठेव योजनांवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. खरेच भागीदार असाल तर गोष्ट आणखी वाईट: भागीदारी फर्मची देणी भागीदाराच्या घरादारापर्यंत येऊ शकतात. शिवाय एका फर्ममध्ये ५० हून जास्त भागीदार घेता येत नाहीत. तुम्ही तर लिहिता की नुसत्या तुमच्या चर्चमधूनच साठ-सत्तर जण आहेत.

चेकबद्दल थोडक्यात. चेक परत आला तर ३० दिवसांत नोटीस, पैसे द्यायला १५ दिवस, मग खटला. सगळ्यांचे चेक एकदम परत येतात तेव्हा खात्यात काही नसते आणि कोर्टाबाहेर रांग असते.

कमिशनचे मात्र नीट ऐका. अशा योजनेत जाणूनबुजून खोटे सांगून किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून दुसऱ्याला ओढणे, हाही २०१९ च्या त्या कायद्याखाली गुन्हा आहे. मैत्रीण उद्या आरोपी ठरू शकते, आणि तिला ते बहुधा ठाऊकही नाही. तिला हे सांगा. भांडण करू नका, हे पत्र वाचायला द्या.

मग १२ लाखांचे काय? तुम्ही साठी ओलांडली आहे, तेव्हा पोस्टाची किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना तुमच्यासाठीच आहे. सध्या दर ८.२ टक्के, मुदत पाच वर्षे, व्याज तिमाहीला. १० लाख तिथे ठेवले तर दर तिमाहीला २०,५००, म्हणजे महिन्याला ६,८०० च्या आसपास. उरलेले दोन लाख दवाखान्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेत, मोडता येईल अशा मुदत ठेवीत. व्याजातून कर कापला जाऊ नये म्हणून द्यायचा ज्येष्ठांचा फॉर्म भरायला विसरू नका.

१८,००० आणि ६,८०० मधली दरी मी लपवत नाही. ती १२ लाखांतून सुरक्षितपणे भरून निघत नाही, कुणीही काहीही सांगो. पण तुमच्याकडे वरची खोली रिकामी आहे असे पत्रातच आहे, आणि इंदूरमध्ये शिकणाऱ्या मुलींना खोल्या लागतात. घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या, इंजेक्शन देणाऱ्या अनुभवी सिस्टरला पलासिया-गीता भवनच्या बाजूला काम कमी नाही. आठवड्याचे तीन दिवस केलेत तरी दरीचा बराच भाग भरेल.

५० हजारांसाठी साध्या कागदावर अर्ज लिहा: रक्कम, तारीख, चेक नंबर, आणि १५ दिवसांत परत हवी, एवढेच. स्पीड पोस्टाने पाठवा. कारण विचारले तर घरखर्चासाठी हवेत म्हणा. "आणखी दोन महिने थांबा, दर वाढवून देतो" असे उत्तर आले तर थांबू नका. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर फर्मचे नाव टाकून पाहा, तक्रारही तिथेच नोंदवता येते. मध्य प्रदेशात ठेवीदारांच्या संरक्षणाचा २००० सालचा वेगळा कायदा आहे, त्यासाठी अर्ज कलेक्टर कचेरीत द्या. पैसे रोख परत देऊ लागले तरी घ्या, फक्त मूळ करार त्यांच्या हाती देण्याआधी त्याची प्रत काढून ठेवा.